बिनबंदाची पिशवी

हुरड्याचे दिवस आले की मला माणसांचा संशय यायला लागतो. तसा तो बारा महिने येतो, पण मार्गशीर्ष-पौषात जरा जास्त. संध्याकाळी गिरणीचा भोंगा होतो, शेजारच्या परसात आगटी पेटते, कोवळ्या कणसांचा गोडसर धूर भिंतीवरून आत येतो, आणि मी हातातलं काम टाकून उगाच दाराची कडी बघून येते. कडी लावलेलीच असते. तरी ती कुणीतरी काढून पुन्हा लावली असेल, असं वाटत राहतं.

यंदा त्यात पातीची भर पडली. बायकांच्या ज्या उद्योगवर्गात मी विणकाम शिकवते, तिथं परवा मुंबईहून एक गठ्ठा आला. गोणपाट उसवलं आणि आतून वास आला, वाळलेल्या गवताचा, थोडासा जुन्या टोपलीचा. दहा वर्षांत तो वास माझ्या नाकाला लागला नव्हता. मुली भोवती जमून "बाई, हे काय?" म्हणून विचारत होत्या आणि मी उत्तर द्यायचं सोडून पाती मोजत बसले होते.

संशय हा माझा स्वभाव आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला फसवल्यासारखं वाटायला नको. लहानपणी आईनं दोन लाडू दिले तर मोठा कुणाला दिला हे मी आधी बघायची. आमटीत मीठ जास्त पडलं तर ते चुकून पडलं यावर माझा विश्वास बसायचा नाही. वहिनी म्हणायच्या, "गंगूचा विश्वास पानिपतात गेला तो परत आलाच नाही." त्या हसून म्हणायच्या. पण त्या का हसल्या, याचाही मी विचार करायची.

दहा वर्षांपूर्वी मी वर्गात शिकवत नव्हते, शिकत होते. तेव्हाच्या आमच्या बाई म्हणजे कमळाबाई, उंच, कोरड्या, स्वच्छ लुगड्याच्या. त्यांनी असाच एक गठ्ठा आमच्यापुढं सोडला. "ही रॅफिया," त्या म्हणाल्या. "दूरच्या बेटावर एक ताडाचं झाड असतं, त्याच्या पानाची ही साल. साहेब लोक बागेत कलमं बांधायला वापरतात. आपण हिची पिशवी विणायची." आम्ही पंधराजणी एकमेकींकडं बघत राहिलो. पिवळट, चपट्या, चिवट अशा त्या लांब पट्ट्या होत्या; आम्ही त्यांना पात म्हणू लागलो. कुणी म्हणालं कांद्याचं टरफल असावं. माझ्या वहिनींनी तर घरी नेलेली एकच पट्टी उजेडात धरली आणि लांब केली. "हे आतडं आहे," त्या म्हणाल्या. "शेळीचं का कशाचं ते देव जाणे. बाई तुम्हाला खरं सांगणार आहेत होय? आमच्या घरात हे चालायचं नाही." मी पान आहे, पान आहे म्हणून सांगत होते, पण खरं सांगायचं तर मलाही पुरती खात्री नव्हती.

मग बाईंनी चित्र दाखवलं. कुठल्याशा विलायती मासिकातून कापलेलं. एक आखूड केसांची मडम उभी, आणि तिच्या हातात टपालाच्या पाकिटासारखी तीन घड्यांची पिशवी, वर एक गुंडी. बस. बंद नाही, नाडी नाही, कडी नाही. नरसव्वा माझ्याशेजारी बसायची. तिनं चित्र हातात घेऊन मागून-पुढून बघितलं.

"बाई, ह्याला बंद कुटं हाय?"

"बंद नसतोच. हातात धरायची असते."

"डोक्यावर घागर, काखंत पोर, आन् ही कुटं धरायची? दातात?"

सगळ्या हसल्या. बाईसुद्धा. मी हसले नाही, कारण मला ते पटलं होतं. आमच्याकडं बाईची चीजवस्तू कमरेला असते, नाहीतर चोळीत. बटव्यालासुद्धा आपण दोन्हीकडून नाडी ओढतो. जी पिशवी नुसती हातात धरायची, ती धरणाऱ्या बाईला भोवतीच्या माणसांची भीती वाटत नसली पाहिजे. असं कुठलं गाव असेल, याचं मला नवल वाटत होतं.

नरसव्वा आमच्या शेजारची. मधे एकच आंगण. त्यांचं घर विणकराचं, घरात दोन खड्ड्याचे माग, सासरा आणि नवरा दिवसभर मागावर. बोलायचे तेलुगूत. मला तेलुगू कळत नसे, म्हणून ते माझ्याबद्दलच बोलतात असं मी धरून चालले होते. नरसव्वा माझ्याच वयाची, विशीच्या आतबाहेरची. तिचं मराठी आमच्या आंगणातलंच. मला गंगाक्का म्हणायची.

आता माझी गोष्ट. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा तापानं गेला आणि मी मैंदर्गीहून सोलापुरात अण्णाकडं, म्हणजे माझ्या भावाकडं, परत आले. सासरी दिराची पाच पोरं, आजारी सासू, जात्यावर रोजचं दळण. माझ्यावाचून तिथं कुणाचं अडत नव्हतं, पण माझ्या हातांवाचून अडत होतं. दिराचा निरोप आला होता की संक्रांत झाली की न्यायला येतो. अण्णा भला माणूस, पण नाही म्हणायला त्याला काहीतरी कारण हवं असे. ते कारण कमळाबाईंनी दिलं. संक्रांतीला गड्ड्याच्या मैदानावर यात्रा भरते, तिथं वर्गाच्या कामाचं प्रदर्शन मांडायचं, आणि जिची पिशवी सगळ्यात नीट तिला बाई आपली मदतनीस म्हणून वर्गात ठेवून घेणार. अण्णा म्हणाला, "तुला तिथं काम मिळालं तर मी त्यांना तोंडावर सांगेन." म्हणजे माझं पुढचं सगळं आयुष्य त्या बंद नसलेल्या पिशवीत होतं. आणि पात होती मोजकी. प्रत्येकीला एकेक जुडी. संपली तर सबंध सोलापुरात दुसरी नाही.

पातीचं एक आहे, ती कोरडी पडली की तडकते. पौषातली आमची हवा कशी असते ते ओठांना विचारा. विणताना फडकं ओलं ठेवायचं, पात त्यात गुंडाळायची, आणि काम झालं की गार, दमट जागी ठेवायची. वहिनी पात घरात येऊ देईनात. दमट जागा आंगणात एकच, नरसव्वाच्या मागाचा खड्डा. सूत तुटू नये म्हणून विणकर माग जमिनीत बसवतात, तिथं ओल असते. खड्ड्यावरच्या भिंतीत एक खुंटी होती. तिला नरसव्वाची पिशवी आणि माझी पिशवी शेजारी शेजारी अडकवलेल्या असायच्या. मी माझं आयुष्य दुसऱ्याच्या खुंटीला टांगलं होतं. रोज संध्याकाळी तिथून निघताना मी ओळी मोजायची आणि सकाळी आल्यावर पुन्हा मोजायची. एकतीस ठेवल्या, एकतीस आहेत. चौतीस ठेवल्या, चौतीस आहेत. नरसव्वा बघायची आणि आपल्या कामाला लागायची.

सूत विणायची पोलादी आकडी या पातीला फार बारीक. तिच्या सासऱ्यानं बांबू तासून दोन जाड आकड्या करून दिल्या, एक तिला, एक मला. मला तिची जास्त गुळगुळीत वाटली. दोन दिवस मी ते मनात ठेवलं, तिसऱ्या दिवशी बोलून टाकलं. तिनं लगेच आपली आकडी माझ्यापुढं केली आणि माझी घेतली. मग मला झोप लागेना. इतक्या सहज दिली म्हणजे माझीच चांगली होती की काय?

टाका साधा होता. ज्याला आम्ही मुका खांब म्हणतो तो. आकडी घाला, पात ओढा, दोन्ही वेढ्यांतून एकदम काढा. ओळीवर ओळ, नुसते मुके खांब. नवी पात जोडताना गाठ मारायची नाही, तिचं टोक आडवं ठेवून त्याच्यावरूनच विणत जायचं, म्हणजे ते आत गडप होतं. नरसव्वाचा हात घट्ट. तिचं विणकाम पाटीसारखं उभं राहायचं. माझा हात सैल. वही-पेन्सिलीत मी हुशार, पण माझी पिशवी धरली की ओल्या फडक्यासारखी लोंबायची. कमळाबाई माझ्याजवळ थांबत, बोटानं कोपरा उचलत, सोडून देत आणि पुढं जात.

एका दुपारी नरसव्वाच्या नवऱ्यानं कुठूनशी हुरड्याची कणसं आणली. आंगणात गोवऱ्यांची आगटी केली. भाजलेलं कणीस गरम गरम तळहातावर चोळायचं, फुंकर मारून फोलपटं उडवायची आणि हिरवे मऊ दाणे शेंगाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. माझ्या हाताला चटका बसे म्हणून नरसव्वा स्वतः चोळून माझ्या हातात दाणे देत होती. तिच्या हातांना नेहमीचा आंबूस वास होता. विणकरांच्या हातांना तो असतोच, सुताला लावायच्या खळीचा, पिठाच्या पेजेचा. ती म्हणाली, "गंगाक्का, मैंदर्गीला हुरडा ह्याच्यापेक्षा गोड असंल न्हवं?" मी एकदम सावध झाले. हिला मी तिकडं जायला हवी आहे, असं मनात आलं. जागा एक, आणि चांगला हात हिचा. शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. हुरडा गोड होता, एवढं मात्र मला नीट आठवतं.

संक्रांतीला चार दिवस राहिले होते. माझ्या सत्तावन्न ओळी झाल्या होत्या, झाकणाच्या तेवढ्या उरल्या होत्या. सकाळी खुंटीवरून पिशवी काढली आणि ओळी मोजायला घेतल्या. वरच्या नऊ ओळी नव्हत्या. कडा कात्रीनं कापल्यासारखी तुटलेली, खाली भुसा, आणि राखून ठेवलेल्या पातीचेही तुकडे. शेजारी नरसव्वाची पिशवी जशीच्या तशी, पुरी झालेली, गुंडीसुद्धा लावलेली. आणखी एक होतं. काल संध्याकाळी मी ठेवली तेव्हा माझी पिशवी सैल होती. आता ती ताठ होती, तिला चकाकी आली होती. मी वास घेतला. आंबूस. नरसव्वाच्या हाताचा वास.

मी तिला घरात काही विचारलं नाही. वर्ग भरल्यावर, पंधराजणींसमोर विचारलं.

"उंदीर असंल," ती म्हणाली. तिचं तोंड उतरलं होतं.

"तीन आठवडे पिशवी तिथंच होती, तेव्हा उंदीर उपाशी होते का? तुझी त्याच खुंटीला होती. तिला दात कसा लागला नाही? उंदीर माणसं ओळखतो?"

तिनं माझ्या पिशवीची तुटकी कडा बोटानं चाचपली.

"रात्री माझ्या पिशवीला हात लावलास की नाही?"

"लावला," ती म्हणाली. "पर गंगाक्का, ऐक की—"

"झालं," मी म्हणाले. "सगळ्यांनी ऐकलं."

त्या क्षणी मला बरं वाटलं, हे लिहायला हात जड होतो, पण वाटलं. इतक्या वर्षांचा माझा संशय एकदाचा खरा निघाला होता. नरसव्वानं आपली आकडी उचलली, पदर घेतला आणि ती निघून गेली. वर्गात परत आली नाही. "खाई त्याला खवखवे," मी शेजारणीला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कमळाबाईंनी मला बाजूला बोलावून पातीची एक लहान जुडी दिली. "माझ्याकडं उरली होती," एवढंच म्हणाल्या. ती पात सरळ नव्हती. सबंध लांबीभर बारीक बारीक मोडी पडलेल्या, आखडलेली. मी भिजवली, ताणली, तरी मोडी जाईनात. बाईंनी नको असलेला माल माझ्या गळ्यात मारला असं वाटलं, पण बोलायची सोय नव्हती. त्याच पातीनं मी झाकण पुरं केलं. आधीचा भाग ताठ झालाच होता, आता पिशवी हातात उभी राहायला लागली. गड्ड्यावर दिव्यांच्या उजेडात ती मांडली गेली, लोक वाकून बघत होते. नरसव्वाची पिशवी तिथं नव्हती. कुठल्या तोंडानं मांडेल, असं मी म्हटलं. बाईंनी माझं नाव घेतलं. दीर आला तेव्हा अण्णानं त्याला ओसरीवर बसवून चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. तो रिकाम्या हातानं परत गेला. मी दाराआड उभी होते. मला रडू आलं आणि ते मी दाबलं नाही.

पुढं नरसव्वाचं बिऱ्हाड दुसऱ्या पेठेत गेलं. बाजारात कधी समोर आली तर मी भाजीत डोकं घालायची. ती थांबायची, मग चालू लागायची. कमळाबाई सोलापूर सोडून गेल्या, मग वारल्याचं कळलं. वर्ग माझ्याकडं आला. मुलींच्या कपाटाची किल्ली मी कमरेला ठेवते. त्यावरून मुली माझ्यामागं हसतात, हे मला ठाऊक आहे.

तर यंदा पुन्हा ही पात. वर्गात अंबू म्हणून एक विणकराची पोर आहे, हात घट्ट, तोंड फटकळ. गेल्या सोमवारी तिचं विणकाम कपाटाबाहेर फळीवरच राहिलं. मंगळवारी बघते तर वरच्या ओळी कुरतडलेल्या, खाली भुसा. फळीवर आणखी चौघींची कामं होती, त्यांना धक्काही नव्हता. मी तिचं काम हातात घेतलं. ताठ होतं. नाकाशी नेलं. तोच आंबूस वास.

"हे काय लावलंस?"

"खळ, बाई. घरातनं आणली व्हती डबीत. आमच्यात कोरं सूत तसंच ठेवत न्हाईत. म्हनलं, हे बी सूतच की." मग आपणच म्हणाली, "झाकून ठेवाय पायजे व्हतं. खळीला उंदीर येतोच. आज्जी मारंल मला."

अंबू रडायला लागली. तिची जुडी संपली होती, आणि गठ्ठा केव्हाच वाटून झाला होता. मी मुलींना दाखवायला एक नमुना विणला होता, तो काढला आणि उसवायला घेतला. तिला पात द्यायची म्हणून. मुका खांब फार भराभर उसवतो. ओढत गेले आणि मांडीवर पात साठत गेली. सरळ नव्हती ती. सबंध लांबीभर बारीक बारीक मोडी, आखडलेली. भिजवली, ताणली. मोडी जाईनात.

सगळ्या जगाचा संशय घेणारी मी. कमळाबाईंनी दिलेल्या त्या जुडीचा तेवढा कधी घेतला नव्हता.

बुधवारी मी पेटीतून माझी ती जुनी पिशवी काढली आणि नरसव्वाचं घर विचारत गेले. ती दारातच रहाटावर सुताच्या कांड्या भरत बसली होती. केस पुढून आत्ताच पांढरे व्हायला लागलेत. मला बघून तिनं रहाट थांबवला नाही.

"ये," म्हणाली.

मी बसले. दहा वर्षांचं बोलणं कुठून धरायचं ते कळेना, म्हणून मधूनच धरलं. "खळ तू लावली होतीस."

"व्हय. मागाची उरली व्हती वाटीभर. तुझी पिशवी लई लोंबत व्हती, गंगाक्का. बाईंनी पसंत केली नसती. तू वर्गात इचारलंस तवा पिशवी बघून बाईंनी तर लगेच वळखलं, खळ हाय म्हणून. मागनं मला बोलावून इचारलं." रहाट फिरत होता. "चूक माझीच की. खळ लावल्यालं हंडीखाली झाकायचं असतंय. इसरले."

"आणि तुझी पिशवी?"

"उसवली. बाईंकडं दिली. म्हनलं, माझं नाव घेऊ नका, ती घ्यायची न्हाई."

खरंच घेतली नसती मी. "तुलाही ती जागा हवी होती," मी म्हणाले.

"पायजे व्हती की." आता तिनं रहाट थांबवला. "पर तू मैंदर्गीला गेली असतीस. मी कुटं जाणार व्हते? माझा माग हितंच हाय."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगाय लागले व्हते. तू म्हनलीस, झालं."

माझं चुकलं, एवढं कसंबसं म्हणाले. ती उठून आत गेली आणि ताटलीत हुरडा घेऊन आली, गार झालेला, सकाळचा. खाता खाता तिनं माझ्याकडची पिशवी उचलली. कोपरा धरून बघितला. झाकणावरून बोट फिरवलं, आपल्याच पातीवरून, आणि मग मागून-पुढून उलटली.

"अजून बंद न्हाई ह्याला," ती म्हणाली. "ठेव हितं. दोरा वळून चांगला लावते. उद्या ने."

माझा हात सवयीनं खालच्या ओळीकडं गेला. एक, दोन. मग मी तो मागं घेतला आणि पिशवी तिच्या मांडीवर तशीच राहू दिली. गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा गिरणीचा भोंगा झाला, आणि मला आठवलं की हंडीखाली झाकून ठेव म्हणून तिला सांगायचं राहिलं. मी थांबले. मग तशीच घरी गेले.